सेवेची परीक्षा वैशाखात

पौष-माघाचे दिवस आले की महाविद्यालयांची प्रांगणे गजबजू लागतात. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा, एकांकिका यांची धांदल उडते आणि या सर्वांच्या शेवटी पारितोषिक-वितरणाचा समारंभ येतो. विद्यापीठात चमकलेला विद्यार्थी, मैदान गाजविणारा खेळाडू, वादविवादात बाजी मारणारी विद्यार्थिनी यांच्या बरोबरीने आता समाजसेवेबद्दल गौरविल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याचेही नाव व्यासपीठावरून पुकारले जाते, आणि सभागृहातील टाळ्या त्याच्याही वाट्याला येतात. ही गोष्ट सर्वथैव स्वागतार्ह आहे. सेवेचे मोल करता येत नाही हे खरे. परंतु ज्याचे मोल करता येत नाही त्याची दखलही घेऊ नये, असा त्याचा अर्थ होत नाही. तेव्हा असे पारितोषिक द्यावे की न द्यावे हा वादाचा विषयच नव्हे. ते कशासाठी द्यावे, कोणाच्या साक्षीने द्यावे आणि वर्षाच्या कोणत्या दिवशी द्यावे, हे प्रश्न मात्र विचारण्यासारखे आहेत. त्यांतला शेवटचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यात तो क्षुल्लक नाही.

विद्यार्थ्याने पुस्तकाबरोबर कुदळही हाती धरावी, ही कल्पना स्वतंत्र भारताइतकीच जुनी आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने ऐच्छिक राष्ट्रसेवेची शिफारस केली होती. १९५९ साली या प्रश्नाच्या विचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुखांकडे, म्हणजे कोकणच्याच एका सुपुत्राकडे होते. उच्च शिक्षणाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक तरुणाने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, अशी त्या समितीची धारणा होती. खर्चाच्या आणि व्यवस्थेच्या अडचणींपुढे ती योजना टिकली नाही. पुढे कोठारी आयोगाने सेवा आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा पुरस्कार केला, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावी सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची चौकट ठरली. १९९३-९४ पासून राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कारही सुरू झाले. त्यापाठोपाठ गुणांची सवलत आली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत समाजकार्याला श्रेयांकही मिळू लागले. सेवेला अशा रीतीने तास लाभले, गुण लाभले, श्रेयांक लाभले आणि पदकही लाभले. आता उरला आहे तो तिचा परिणाम मोजण्याचा प्रश्न.

हा परिणाम मोजायचा तर महाविद्यालय ज्या भूमीत उभे आहे तिच्याकडे पाहावे लागते. १९४५ साली रत्नागिरीत महाविद्यालय निघाले तेव्हा उच्च शिक्षणासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठण्यावाचून येथील मुलांना गत्यंतर नव्हते. ते महाविद्यालय आज गोगटे-जोगळेकर या नावाने सर्वांना परिचित आहे. त्यानंतरच्या काळात जिल्ह्यातील इतर गावांतही महाविद्यालये निघाली आणि मुलींना घरापासून दूर न जाता पदवी घेता येऊ लागली. तथापि पदवी हाती पडली की बहुतेकांची पावले आजही मुंबईकडेच वळतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सारा महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आकसला. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा अशी ज्याची ओळख होती, तेथे मनीऑर्डर पाठविणारा कर्ता पुरुष बाहेर आणि घर सांभाळणारी बाई व म्हातारी माणसे गावात, हे चित्र या आकड्यांतून अद्याप डोकावते. म्हणून येथल्या विद्यार्थ्याची सेवा ही एक निराळीच वस्तू आहे. जो लवकरच गाव सोडून जाणार आहे त्याने जाण्यापूर्वी मागे राहणाऱ्यांसाठी काय ठेवून जावे, असा तो प्रश्न आहे.

मागे राहणाऱ्यांची सर्वांत मोठी विवंचना कोणती, हे कोणत्याही वाडीवरची म्हातारी सांगेल. ती पाण्याची आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यातील कितीतरी वाड्यांची वैशाखात टँकरकडे डोळे लावून बसण्याची पाळी चुकत नाही. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांत अंतर थोडे व उतार तीव्र, त्यामुळे पडलेले पाणी थांबतच नाही. जे जमिनीत मुरते तेही सच्छिद्र जांभ्यातून झिरपत जाऊन पुष्कळसे निघून जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने घरोघरी नळ नेण्याचा उद्योग आरंभिला, तो योग्यच झाला. पण ज्या विहिरीवर नळयोजना अवलंबून आहे ती विहीरच आटली तर नळाच्या तोटीचा उपयोग काय? पाण्याला उतारावर ठिकठिकाणी अडवीत जाणे, हाच त्यावरचा साधा आणि जुना तोडगा आहे. कोकणातील शेतकरी वायंगणी पिकासाठी वहाळावर दगडमातीचे बांध पिढ्यान्‌पिढ्या घालीत आला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा हा त्याच बांधाचा अलीकडचा अवतार होय. त्याला भांडवल लागत नाही. माणसांचे हात लागतात. हात तर गावातून निघून गेले आहेत. नेमकी हीच उणीव विद्यार्थी भरून काढू शकतात, आणि ठिकठिकाणच्या शिबिरांतून त्यांनी ती भरून काढलीही आहे.

मात्र येथे दोन पंचांगे एकमेकांना छेद देतात. बंधारा घालावयाचा तो पावसाळा सरता सरता, वहाळ वाहता असताना, म्हणजे आश्विन-कार्तिकात. त्या वेळी महाविद्यालयात पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. शिबिर भरते ते पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीत, वहाळाची धार करंगळीएवढी झाल्यावर. बंधारा त्या वेळीही बांधला जातो, त्याच्यापाशी छायाचित्र निघते, अहवाल लिहिला जातो आणि त्या अहवालाच्या आधारे पारितोषिकही ठरते. गोण्यांच्या फटीतून माती वाहून गेली काय, बांध पुन्हा लिंपावा लागला काय, फाल्गुनात खालच्या विहिरीची पातळी किती होती, आणि वैशाखात बाईचा हंडा किती अंतरावर भरला, या गोष्टींचा त्या अहवालात समावेश होणे शक्यच नसते. कारण त्या घडण्यापूर्वीच समारंभ उरकलेला असतो. पेरणी झाली त्याच दिवशी उत्तम पिकाचे बक्षीस द्यावे, तसाच हा प्रकार होय. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही आणि त्यांच्या प्राध्यापकांचाही नाही. दोष असलाच तर तो महाविद्यालयाचे वर्ष आणि गावाचे वर्ष ही दोन वेगळी वर्षे आहेत, याचा विसर पडण्यात आहे.

यावर आक्षेप येतील. विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य अध्ययन हे आहे. गावाच्या पाण्याची जबाबदारी शासनाची आणि पंचायतीची आहे. ती अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर का टाकावी, असे कोणी विचारील. शासनाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करण्याचा प्रश्नच येथे नाही. प्रश्न एवढाच की जे काम विद्यार्थी करतातच, ते फुकट जाऊ नये. सात दिवस घाम गाळून बांधलेला बांध महिन्याभरात कोरडा पडणार असेल, तर त्या घामाचा मान राखला गेला असे म्हणता येणार नाही. शिबिराचा हेतू गावाचा विकास हा नसून विद्यार्थ्याच्या मनाची मशागत हा आहे, असा दुसरा आक्षेप येईल. त्यातही तथ्य आहे. एकत्र राहणे, श्रमाची लाज सोडणे, दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी खाणे यांतून जे शिक्षण होते ते वर्गात होत नाही. परंतु मनाची मशागत खोटी भूमी नांगरून होत नाही. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे जो पाहतच नाही, त्याच्या पदरी सेवेचा अनुभव पडत नाही, सहलीचा पडतो.

तरुणांच्या अंगी सचोटी नाही म्हणून हे घडते, असे मानण्यासही जागा नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. पाणी ओसरल्यावर घरादुकानांतून कमरेएवढा गाळ उपसण्यासाठी गावोगावचे तरुण धावून आले, त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. किती तास भरले याची नोंद त्या चिखलात कोण ठेवीत होता? आपत्ती समोर उभी राहिली की या पिढीला सेवेचा धडा शिकवावा लागत नाही. अडचण आहे ती संथ आपत्तीची. पूर एका रात्रीत येतो आणि साऱ्या देशाला दिसतो. आटणारी विहीर रोज वीतभर खाली जाते आणि ती फक्त पाणी भरणाऱ्या बाईला दिसते. पहिल्या आपत्तीला धैर्य पुरते. दुसरीला चिकाटी लागते. पारितोषिकाने उत्तेजन द्यायचे ते या चिकाटीला.

या जिल्ह्याला चिकाटीचा दाखला बाहेरून आणण्याची गरज नाही. १८७५ साली दापोली तालुक्यातील मुरुडचे सतरा वर्षांचे धोंडो केशव कर्वे सोबत्यांसह पावसातून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले ते एका परीक्षेसाठी. त्या परीक्षेला त्या काळी ‘पब्लिक सर्व्हिस’ असेच म्हणत. वय लहान दिसते या कारणासाठी त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. लोकसेवेच्या परीक्षेला बसण्यास अपात्र ठरलेल्या त्या मुलाने पुढे लोकसेवेत उभे आयुष्य घातले. मुंबईत मिळवू लागल्यावर त्यांनी बाहेरगावी असलेल्या मुरुडकरांच्या वर्गण्यांतून गावासाठी ‘मुरुड फंड’ उभा केला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले ते १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. इतकी वर्षे विद्यार्थ्याला थांबावयास लावावे, असे कोणी म्हणणार नाही. पण फळ दिसेपर्यंत काही महिने थांबण्यास हरकत नसावी. त्याहून मोलाचा बोध मुरुड फंडाचा आहे. गाव सोडावे लागले म्हणजे गावाशी नाते सोडावे लागते असे नाही, हे कर्व्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. येत्या वर्षाचे कार्यक्रमपत्रक आखताना बंधाऱ्याचे दोन-तीन दिवस आश्विन-कार्तिकात, परीक्षेच्या आगेमागे, आधीच राखून ठेवावेत. सात दिवसांचे शिबिर हवे तर पुढे भरवावे आणि त्यात बांधाच्या डागडुजीचे काम धरावे. दत्तक गाव निदान तीन वर्षे तेच ठेवावे, म्हणजे प्रथम वर्षाचा विद्यार्थी पदवी घेईपर्यंत त्याच वहाळाकडे पाहत राहील. विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून वहीत लिहावी. त्याला दोरी आणि खूण केलेली काठी पुरते, आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याला त्यापरता चांगला प्रकल्प मिळणार नाही. समाजसेवेचे पारितोषिक मात्र फेब्रुवारीत जाहीर करू नये. उन्हाळा संपल्यावर ती वही आणि गावातील पाणी भरणाऱ्या स्त्रियांचे मत, या दोहोंच्या आधारे ते ठरवावे, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या गावातच द्यावे. परीक्षक महाविद्यालयाचे असोत, साक्षीदार गावचे असावेत.

तोपर्यंत शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पदवी घेऊन मुंबईस गेलेला असेल, ही अडचण खरी आहे. परंतु तीच या व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू ठरण्याचा संभव आहे. गणपती-शिमग्याला घरी येणारा चाकरमानी हा कोकणचा जुना परिचय होय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक दिवसाची रजा काढून, आपण बांधलेल्या बांधाच्या खालच्या वाडीवर जो परत येईल, त्याला त्या दिवशी ग्रामसभेत नारळ मिळो अथवा पदक मिळो, त्याची परीक्षा वैशाखात आटोपलेली असेल. त्या वर्षी विहिरीला पाणी होते की नव्हते, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.