बुरशीचा मेंदूज्वर : औषध आहे, पण ते वेळेत मिळते का?

मे २०२१ मधले दिवस आठवा. करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले होते आणि ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहराशहरांत वणवण करत होते. उच्च न्यायालयाने पुरवठ्याचा हिशेब विचारला, वर्ध्यात तातडीने उत्पादन सुरू झाले. या औषधाचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र ज्या आजारासाठी आम्ही डॉक्टर ते कितीतरी आधीपासून वापरत आहोत, तो आजार चर्चेत आलाच नाही. तो म्हणजे क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर.

ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासावाटे ती आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात जाते. निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. पण एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी शंभराच्या खाली गेल्या असतील, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल, तर ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावातला एखादा पस्तिशीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. कामासाठी मुंबईला गेला आणि एचआयव्हीच्या गोळ्या सुटल्या. काही महिन्यांनी डोके दुखू लागले. आधी पित्त समजून गोळी, मग चष्म्याचा नंबर, मग अंगारा. तीन आठवड्यांनी उलट्या, धूसर दिसणे, असंबद्ध बोलणे. पेण, तिथून अलिबाग, तिथून मुंबई असा प्रवास होईपर्यंत मेंदूवरचा दाब धोक्याच्या पातळीला गेलेला असतो. शिवाय क्षयाच्या मेंदूज्वराची लक्षणेही अशीच असतात. दोन्हींतला फरक ओळखायला पाठीतले पाणी तपासावे लागते. आणि तिथे ‘पाणी काढले की माणूस पांगळा होतो’ ही भीती आडवी येते. ती खोटी आहे. उलट, या आजारात पाणी पुन्हा पुन्हा काढून दाब कमी करणे हाच उपचाराचा भाग आहे.

जुन्या पद्धतीत ॲम्फोटेरिसिनचे सलाईन एक-दोन आठवडे रोज द्यावे लागे. थंडी वाजे, मूत्रपिंडावर ताण येई, पोटॅशियम घसरे. आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या ‘ॲम्बिशन’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेदाच्या वेष्टनातील, म्हणजे लायपोसोमल, ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोलच्या गोळ्या, ही पद्धत जुनीच्या तोडीस तोड ठरली आणि दुष्परिणाम कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.

आता साधा हिशेब करू. पन्नास किलोच्या रुग्णाला हा डोस ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दहा कुप्या, त्याही एकदाच. म्युकरच्या रुग्णाला रोज पाच कुप्या, कित्येक दिवस लागत होत्या. म्हणजे जिल्हा रुग्णालयात दोन-तीन रुग्णांचा साठा कायम ठेवणे अशक्य नाही. खरी अडचण फ्लुसायटोसिनची. १९५७ मध्ये तयार झालेले, पेटंट कधीच संपलेले हे औषध आपल्या देशात वर्षानुवर्षे सहज मिळत नव्हते. कारण रुग्ण थोडे, गरीब आणि न बोलणारे. २०२१ मध्ये मागणीचा आवाज मोठा होता, म्हणून यंत्रणा हलली. इथे आवाजच नाही.

तरीही नव्या उपचाराने चाचणीतले सुमारे २५ टक्के रुग्ण दहा आठवड्यांत दगावलेच. म्हणून आजार डोक्यात जाण्याआधी पकडणे महत्त्वाचे. सीडी-४ शंभराखाली असलेल्या प्रत्येकाच्या रक्तात या बुरशीचा अंश शोधणारी पट्टी-चाचणी करावी. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते आणि मेंदूज्वर नसल्याची खात्री करून फ्लुकोनाझोल सुरू करता येते.

वाचकांसाठी तीन गोष्टी. एआरटी केंद्रावरच्या गोळ्या मोफत आहेत, गाव बदलले तरी केंद्र बदलून घेता येते. त्या सोडू नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचे डोके आठवडाभर दुखले तर थेट रुग्णालय गाठा. आणि मेंदूज्वराचे निदान झाल्यावर सुटलेल्या गोळ्या आपल्या मनाने लगेच सुरू करू नका. बुरशीवरचे उपचार सुरू झाल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबणे अधिक सुरक्षित असते. आधी डॉक्टरांना खरे सांगा. आम्ही रागावणार नाही. उशीर झाला तर मात्र आमच्याही हाती फार काही उरत नाही.