कॅमेरा नाक्यावर हवा, तसाच कोठडीतही हवा!

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी एस.टी.ची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ माणसे हकनाक मेली. दुचाकीस्वाराला वाचवताना वळणावर चालकाचा ताबा सुटला, असे सांगण्यात आले. वारसांना मदत जाहीर झाली. वळण तसे का ठेवले, रस्ता कोणी आखला, त्याची देखभाल कोणाकडे, हे प्रश्न आपल्या देशात अपघातानंतर क्वचितच विचारले जातात. चालकाची चूक सापडली की फाईल बंद!

अलीकडे सरकारकडे रस्ता सुरक्षेचे एक तयार उत्तर असते. कॅमेरा लावा, चालान पाठवा, दंड वसूल करा. गोंदिया शहराला चिकटून असलेले आमचे फुलचूरच घ्या. नावाला खेडे, पण रहदारी शहराची. सकाळी माणसे पायी, सायकलीने, जुन्या दुचाकीवर दोघे-तिघे बसून मजुरीला शहरात जातात आणि राईस मिलचे ट्रक त्यांच्या खांद्याला घासून निघतात. अशा नाक्यावरच्या कॅमेऱ्याला काय दिसते? हेल्मेट नसलेले डोके दिसते. ट्रकच्या धाकाने उलट्या बाजूने निघालेला माणूस दिसतो. ज्या रस्त्याने त्याला तसे निघायला भाग पाडले, तो रस्ता मात्र कॅमेऱ्याच्या हिशेबात नसतो. कॅमेरा वाटसरूवर रोखलेला आहे, ठेकेदारावर नाही.

आमचा कोणी गैरसमज करून घेऊ नये. हेल्मेट घातलेच पाहिजे. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. मेलेल्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के. म्हणजे दर शंभरात चौसष्ट माणसे अशी, की ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्राही नव्हता. ही माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून रस्ता सुरक्षा हा मोटारवाल्यांचा विषय आहे, असे समजून आंबेडकरी चळवळीने तो सोडून देऊ नये.

खुद्द बाबासाहेब रस्ते अपघातातून वाचले आहेत. साल १९२९. अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. त्या कामात असताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर टांगेवाले होते, पण महाराला टांग्यातून न्यायला एकही तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. आपल्याच समाजातल्या एका माणसाने लगाम हाती धरला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या पुलावर तेव्हा कॅमेरा असता, तर त्याने काय टिपले असते? अनाडी चालक, बेकाबू घोडा. चालान कोणाच्या नावाने फाटले असते? त्या गरीब माणसाच्या! पाहुण्याला पायी न्यायचे नाही, एवढाच त्याचा गुन्हा. स्टेशनवर हाताची घडी घालून उभे राहिलेले टांगेवाले चित्रात आलेच नसते. आजही अपघाताची चौकशी त्या पुलापाशीच थांबते, स्टेशनपर्यंत जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. कलम १३६-अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेख आली. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द, ही तरतूद गावातल्या पोराटोरांनाही पाठ झाली आहे. परंतु त्याच दुरुस्तीने कलम १९८-अ सुद्धा आणले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे माणूस मेला किंवा कायमचा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार आणि ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (माणसाच्या जिवाची किंमत जास्तीत जास्त एक लाख, यावर वेगळा अग्रलेख लिहावा लागेल.) वाचकांपैकी किती जणांनी या कलमाखाली कारवाई झाल्याचे ऐकले आहे? एका कायद्याची दोन कलमे. एक रोज धावते, दुसरे कपाटात पडून आहे.

कॅमेऱ्यालाही अटी आहेत. २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७-अ केला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करायला हवे. पुढे कॅमेरा आहे, असा फलक ठळकपणे लावायला हवा. चालानासोबत स्पष्ट छायाचित्र, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम हवे. त्या नियमाने महाराष्ट्रातली जी १९ शहरे नेमून दिली, त्यांत गोंदियाचे नाव नाही; महामार्गांवर मात्र तो सर्वत्र लागू आहे. आमच्याकडे येणारे पक्षकार मोबाईलवर आलेला संदेश दाखवतात आणि विचारतात, वकीलसाहेब, कुठे भरायचे? पुरावा मागता येतो, हरकत घेता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. भर म्हणून १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला करासह ५३१ रुपये. रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीत ती बसत नाही.

दंडापेक्षाही नजरेचा प्रश्न मोठा आहे. रस्त्यासाठी लावलेला कॅमेरा रस्त्यापुरताच राहतो का? गाडी कुठून आली, कोणाच्या दारात थांबली, कोणत्या सभेला गेली, हे सगळे तोच कॅमेरा सांगतो. ज्यांना पाळतीचा अनुभव नाही, त्यांना यात काही वाटणार नाही. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशात जन्मावरून माणसांची हजेरी घेतली. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसे कोंडली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या नावाखाली नवे कायदे आले आणि पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्री घराचे दार ठोठावणे बंद केले, पण बाकीची पाळत राहू दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला माणसावर नजर ठेवायची असेल, तर त्यासाठी कायदा हवा, योग्य कारण हवे आणि नजर गरजेपुरतीच हवी. मग २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यातच सरकारने आपल्या पसंतीच्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. चोरापासून घर वाचवायचे आणि मागचे दार उघडे ठेवायचे, असा हा प्रकार.

आणि जिथे कॅमेरा सर्वात जास्त हवा, तिथे काय आहे? डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावा आणि चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवा. पाच वर्षे होत आली तरी अंमलबजावणी अपुरीच, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मधल्या काळात परभणी घडले. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि पोलीस वस्त्यांत घुसले. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याला पकडले गेले आणि १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो वडार समाजातला, म्हणजे विमुक्त जातीतला. वस्तीत पोलिसांनी काय केले, याची चित्रफीत लोकांच्या मोबाईलमधून बाहेर आली, सरकारी कॅमेऱ्यातून नाही. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने आदेश दिला, त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. हेल्मेटचे चालान कॅमेरा टिपताच मोबाईलवर येते. कोठडीतल्या मृत्यूच्या गुन्ह्याला साडेसहा महिन्यांहून अधिक काळ लागला!

तेव्हा फुलचूरसारख्या गावांतल्या आपल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा विषय संपला की अर्धा तास या विषयाला द्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. तिथे ठराव मांडा की नाक्यावर कॅमेरा लावण्याआधी पायी चालणाऱ्याला जागा, दिवे आणि गतिरोधक द्या. पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. कॅमेरा लागलाच, तर त्याचे चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो आणि कोणाला देतो, हे लेखी मागा. चालान आले तर आधी छायाचित्र आणि यंत्राचे प्रमाणपत्र मागा, मग भरायचे की लढायचे ते ठरवा. तुमच्या पोलीस ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

अपघात झालाच तर नातेवाइकांनी रडत बसू नये. मे २०२५ पासून जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता करण्याची योजना लागू आहे; रुग्णालयात पाय ठेवताच ती मागा. धडक देणारी गाडी पळून गेली तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. न्यायाधिकरणात भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूला सहा लाख आणि दुखापतीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली आणि ती दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्यास सांगितले. अशा अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. गोंदियात ते जिल्हा न्यायालयातच आहे. जाताना खड्ड्याचे छायाचित्र तारखेसह काढून न्या. खड्डा बुजवायला ठेकेदाराला एक रात्र पुरते.