वाटेचा मुका सोबती

सन १९०३ मध्यें डॉ. होरेशिओ जॅक्सन व सिवॉल क्रॉकर यांनीं सॅन फ्रान्सिस्कोहून निघून मोटारीनें अमेरिका प्रथमच ओलांडिली. वाट बहुतेक कच्ची. आयडाहो संस्थानांत ‘बड’ नांवाचा बुलडॉग त्यांच्या सोबतीस आला. उघड्या गाडींत क्षारयुक्त धुळीनें त्याचे डोळे चुरचुरूं लागतांच जॅक्सन यांनीं आपल्यासारखाच गॉगल त्यासही चढविला. ६३ दिवसांच्या प्रवासाअंतीं मोटार न्यूयॉर्कास पोहोंचली, तेव्हां बड गाडींतच होता!

आडवाटेनें कुत्रा नेणाऱ्यांनीं हें ध्यानीं धरावें. त्यास दुःख बोलतां येत नाहीं. म्हणून आपणांस तहान लागण्यापूर्वीं त्यास पाणी द्यावें. मुक्कामीं आपलें अंथरूण पसरण्यापूर्वीं त्याचे पंजे तपासावे. धर्मराजानें स्वर्गद्वारींही श्वानास सोडिलें नाहीं; आपण तर अजून वाटेवरच आहों.