निकामी माऊस पेरणीच्या कामाला लावा

पेरणी यंत्राची एखादी नळी चिखलाने तुंबते आणि ते कळते आठ-दहा दिवसांनी, तासच्या तास मोकळे दिसू लागल्यावर. मग नांगे भरा, नाहीतर दुबार पेरणी करा. ओल गेली, मजुरी अंगावर पडली, दोष मात्र बियाण्याला! मोठ्या टोकण यंत्रांवर बी पडते की नाही हे पाहणारा प्रकाशाचा डोळा असतो. त्याच जातीचा डोळा आपल्या कचेऱ्यांतील जुन्या संगणकांबरोबर धूळ खात पडला आहे.

गोळीच्या जुन्या माऊसमध्ये फटी असलेली दोन लहान चाके असतात. चाकाच्या एका अंगाला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या अंगाला तो टिपणारा भाग. चाक फिरले की प्रकाश तुटतो, जुळतो आणि ठोके मोजले जातात. ही जोडी सोडवून बियाण्याच्या नळीला समोरासमोर बसवली, की पडणारा दाणा प्रकाश अडवतो. ठोके थांबले की भोंगा वाजेल, अशी जोडणी करता येते. नंतरच्या ऑप्टिकल माऊसमधला इवला कॅमेरा मात्र पृष्ठभागापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर चालतो. तो या कामाचा नाही.

अडचणी आहेतच. उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून काळे आवरण हवे. धूळ रोज पुसावी लागेल. रुंद नळीत दाणे बाजूने निसटतात, तेव्हा जोडी अरुंद जागी बसवावी. दाणे नेमके मोजण्याची अपेक्षा धरू नये. नळी चालू की बंद, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

रेझिस्टन्स, भोंगा, सेलचा डबा हे सामान पुण्यात मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर तपकीर गल्लीत मिळते. शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकण्यासाठीच. तीच रीत गावच्या हायस्कुलात का नसावी?

ग्रामसेवकांनी जुन्या संगणकांचे निर्लेखन करताना माऊस रीतसर नोंद करून शाळेला द्यावेत. उरलेला कचरा भंगारवाल्याच्या गाडीत न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मृगाआधी गावातल्या एका तरी पेरणी यंत्राच्या एका नळीवर हा प्रयोग व्हावा. फसला तर गेला एक मोडका माऊस. साधला तर वाचेल एक पेरणी.