बापाला माती द्यायला सुप्रीम कोर्ट

छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचं गाव आहे. (मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा वेगळा.) या गावातले एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. घरच्यांना त्यांना गावातच माती द्यायची होती. आधीच्या मयतीही गावातच पुरल्या, असं मुलाचं म्हणणं होतं. पण गावातल्या काही लोकांनी विरोध केला. आपल्या शेतात पुरतो म्हटलं, तर तिथंही नाही. शेवटी प्रेत शवागारात राहिलं आणि मुलगा कोर्टात गेला.

हायकोर्टानं याचिका फेटाळली. करकापालला ख्रिस्ती दफनभूमी आहे, ती २०-२५ किलोमीटरवर. गावातच दफनाचा हट्ट धरला तर अशांतता होईल, असं कारण दिलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल २७ जानेवारीला आला, तोही दोन मतांचा. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, शेतात दफन करू द्या. ग्रामपंचायतीनं आपलं काम केलं नाही. न्यायमूर्ती शर्मा म्हणाले, ठरवून दिलेल्या जागेतच दफन व्हावं. मतभेद झाला की प्रकरण मोठ्या पीठाकडं जातं. पण वीस दिवस प्रेत पडून होतं, म्हणून तसं न करता करकापालला बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश झाला.

आता मुद्दा असा. घटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला धर्म पाळायचा हक्क देतं, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. यातला 'सुव्यवस्था' हा शब्द गावपातळीवर फार महत्त्वाचा ठरतो. गडबड करणारा कोण, हे बघायला नको का? शांतपणे माती द्यायला आलेल्या घराला विरोध करून कुणी गोंधळाची भीती घालत असेल आणि हक्क त्या घराचाच कापला जात असेल, तर धमकी देणाऱ्याचंच फावतं.

केरळातलं जुनं प्रकरण इथं आठवतं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धर्मामुळं म्हणत नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. तीही हायकोर्टात हरली. ऑगस्ट १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. मुलांनी कुणाचा अवमान केला नाही, राष्ट्रगीत म्हणायलाच हवं असा कायदाही नाही, हे कोर्टानं पाहिलं. लोकांना काय रुचतं यावर निकाल ठरला नाही.

पण त्या न्यायाला वर्ष लागलं. मयतीला वर्षाची सवड नसते. शेतकऱ्याला, मजुराला दिल्लीपर्यंतचा खर्चही झेपत नाही. म्हणजे खरं संरक्षण कोर्टाच्या आधी, ग्रामपंचायतीतच मिळायला पाहिजे.

आपल्याकडंही स्मशानभूमी, दफनभूमीची सोय हे ग्रामपंचायतीचंच काम. गावात चार घरं मुसलमानांची असोत, दोन ख्रिस्त्यांची असोत की लिंगायतांची, पुरायची जागा कोणती हे गावानं शांत डोक्यानं आधीच ठरवून कागदावर आणावं. प्रेत दारात असताना ग्रामसभा बोलावून काही निष्पन्न होत नाही.