मॅक्रोचे कुलूप आणि पेढीची किल्ली

सनदी लेखापालांच्या संस्थेच्या नागपूर शाखेची वास्तू धंतोलीत आहे, आणि त्या परिसरात लेखापालांच्या कचेऱ्याही आहेत. इतवारी-गांधीबागेतील पेढ्यांचे हिशेब पूर्वी लाल कापडाच्या वह्यांतून अशा कचेऱ्यांत येत. आता एक्सेलची फाइल येते. अशा फाइलीत पुष्कळदा एखादा मॅक्रो असतो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आणि संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञा. उधारीचे दिवस मोजणे, व्याज आकारणे, थकबाकीदारांची यादी काढणे ही दिवाणजींची दोन दिवसांची कामे तो क्षणात उरकतो.

या आज्ञांतील एक आकडा बदलला तरी सारा हिशेब बदलतो. सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात. मुदत उलटल्यास तो खर्च आयकरात देणे प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच मान्य होतो. ही तरतूद २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाली. मॅक्रोमध्ये ४५ च्या जागी चुकून ५४ पडले, तर कोरा कागद हाती यावा तशी निर्दोष यादी मिळेल आणि फटका वर्षअखेरीस बसेल. म्हणून संहितेला कुलूप हवे.

ते लावण्याची रीत सोपी आहे. ऑल्ट व एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की संहितेचे दालन उघडते. तेथील टूल्स या सूचीतून प्रकल्पाच्या प्रॉपर्टीजमध्ये जावे, प्रोटेक्शन या पानावर 'लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग' समोर खूण करावी आणि परवलीचा शब्द दोनदा लिहावा. फाइल एक्सएलएसएम स्वरूपात जतन करून बंद करावी. पुन्हा उघडल्यावरच कुलूप लागू होते. ही शेवटची पायरी विसरून 'कुलूप लागत नाही' अशी तक्रार करणारे पुष्कळ.

मात्र या कुलपाची योग्यता ओळखली पाहिजे. संहिता गुप्तलिपीत जात नाही. ती केवळ आकुंचित करून ठेवलेली असते, आणि परवलीचा शब्द फक्त ते दालन उघडू देत नाही. जाणकाराला ही आडकाठी फारशी टिकत नाही. म्हणून बँकेचा पासवर्ड किंवा ग्राहकांची गुपिते मॅक्रोच्या ओळींत लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिच्याच कडीला टांगणे होय. पानाला लावलेले संरक्षणही याच जातीचे. ते चुकीचा हात लागू नये एवढ्यासाठी आहे. संपूर्ण फाइल उघडण्याचा पासवर्ड ही वेगळी वस्तू होय. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये त्यामुळे फाइल खरोखर कूटबद्ध होते, आणि तो विसरला तर मायक्रोसॉफ्टही ती उघडून देऊ शकत नाही.

येथेच खरी अडचण उभी राहते. मॅक्रो बहुधा एखाद्या हुशार कारकुनाने किंवा घरातील पुतण्याने लिहिलेला असतो. कारकून नोकरी सोडतो, पुतण्या पुण्यास जातो, आणि व्याजाचा दर बदलण्याची वेळ आली की शब्द कोणालाच ठाऊक नसतो. मग बाहेरच्या अनोळखी माणसाकडे पेढीची फाइल द्यावी लागते. ज्या भीतीने कुलूप लावले, तीच अशी दारात येते.

बँकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. रोख कोठडीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या असतात आणि जादा किल्ल्यांचा संच दुसऱ्या शाखेत मोहोरबंद ठेवला जातो. पेढीनेही तेच करावे. परवलीचा शब्द लिहून त्याचे मोहोरबंद पाकीट लॉकरमध्ये ठेवावे, पाकिटावर तारीख व फाइलीचे नाव असावे. लिहिणारा माणूस कामावरून गेला की त्याच दिवशी शब्द बदलून नवे पाकीट ठेवावे. आणि कुलूप लावण्यापूर्वी संहितेची एक उघडी छापील प्रत काढून ती त्याच पाकिटात घालावी; शब्द हरवला तरी त्या प्रतीवरून मॅक्रो पुन्हा लिहून घेता येतो.