चार्जिंगची सायकल आणि केसपेपरवरची ओळ

‘सायकलवरून पडून मार.’ चार्जिंगच्या सायकलवरचा जखमी कॅज्युअल्टीत आला, की केसपेपरवर एवढं लिहिलं तरी पुरे, असं मानणारे थोडे नाहीत. त्यांचा पहिला दाखला कायद्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2(यू) प्रमाणे मोटर पाव किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला, तर ते मोटार वाहन नव्हे. नंबर नको, लायसन्स नको. मग ती सायकलच की!

मुळीच नाही. तो नियम आरटीओपुरता. जखमेच्या कारणाचा कोड ठरतो जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 वर्गीकरणावरून, आणि तिथे सायकल म्हणजे केवळ पायडलवर चालणारं वाहन. ते व्ही10 ते व्ही19 मध्ये. मोटर बसवलेली सायकल मात्र मोटारसायकलींसोबत व्ही20 ते व्ही29 मध्ये. अमेरिकेने ऑक्टोबर 2022 पासून आपल्या आवृत्तीत इलेक्ट्रिक सायकलला स्वतंत्र कोड दिले, तेही याच गटात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मनगट मोडलं ते मोडलं, प्लास्टर तेच. खरं आहे. एस52 हा कोड हाड सांगतो, कारण सांगत नाही. समजा, वणीजवळ कोळशाच्या ट्रकचा धक्का लागून एक पोरगा अशा सायकलवरून फेकला गेला आणि कागदावर आलं फक्त ‘सायकलवरून पडून’. कोड होतो व्ही18, म्हणजे कशाशीही टक्कर नाही. ट्रक कागदावरून पसार! 2025 च्या केंद्रीय योजनेत मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची. तिथे विरुद्ध पक्षाचा वकील हाच पहिला कागद चष्मा पुसून वाचतो.

डॉक्टरांना वेळ कुठे आहे, हे मात्र मान्य. रात्रपाळीच्या इंटर्नकडून कोडची अपेक्षा कोणी करू नये. ते काम रेकॉर्ड रूमचं. पण कागदात नसलेला ट्रक रेकॉर्ड रूमने आणायचा कुठून? ‘बॅटरीची सायकल, ॲक्सिलरेटरवर चालू, मागून ट्रकची धडक, हेल्मेट नाही, रुग्णाच्या सांगण्यावरून.’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

आणि यवतमाळ जिल्ह्यात अशा सायकली आहेतच किती, असं विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते. नोंदणी नसल्याने आरटीओ सांगू शकत नाही, आणि दवाखान्यानेही त्या साध्या सायकलींत मिसळल्या, तर मोजणार कोण?

पुसद-उमरखेडपासून पांढरकवड्यापर्यंतच्या सरकारी रुग्णालयांत आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केसपेपरवर या माहितीचे छापील रकाने असावेत. तोवर नातेवाइकांनीच वाहन कोणतं आणि धडक कशाची हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, आणि ते कागदावर आलं का हे वाचूनच सही करावी.